माळवद फोडून आलेला चोर

ज्या माणसानं माझा जीव वाचवला, त्याच्या हाताला मी कडकडून चावले आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरानं ‘चोर, चोर’ म्हणून ओरडले. माझी अक्कल तेव्हा अशी उतू चालली होती. हे मला कळलं परभणीच्या सरकारी दवाखान्यात, खाटेवर पडल्या पडल्या. डॉक्टर माझी पापणी ओढून म्हणाले, “बाई, तुला भूतबित काही लागलेलं नाही. कार्बन मोनॉक्साइड झालंय.”

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे कोंडलेल्या जागी कोळसा जळला की सुटणारा वायू. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात शिरतो आणि चांगल्या हवेला जागाच ठेवत नाही. धुरानं निदान डोळे तरी झोंबतात. हा मेला पाऊल न वाजवता आत येतो. एवढं आयुष्य सरलं, तरी त्याची आठवण झाली की अंगावर काटा येतो.

ज्यांच्या घरी बाळंतीण असेल त्यांनी पुढचं नीट वाचावं. हसायचं ते नंतर हसा.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव गंगाखेडजवळ. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सव्वा महिना सरायचा होता. आतली अंधारी खोली, बाज आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. शेक झाला की सासूबाई शेगडी उचलून बाहेर नेत. त्या दिवशी घरातली माणसं कापूस वेचायला गेलेली आणि सासूबाई त्यांच्या भाकरी घेऊन शेतात निघालेल्या. जाताना बजावून गेल्या, शेगडीला हात लावू नको, दार नुसतं लोटून ठेव.

पण मी पडले त्यांच्याहून शहाणी. त्या सुगीत दरोडेखोरांच्या वावड्या उठल्या होत्या. मी भरदुपारी दाराला अडणा घातला. झरोक्यात गोधडी कोंबली. आधीच आत आणून ठेवलेली शेगडी कोळशानं काठोकाठ भरली, बाजेखाली सरकवली आणि वर राणीसारखी पडले. चोराला सुईएवढी वाट ठेवली नाही म्हणून स्वतःवरच खूश होते.

आधी डोकं ठणकायला लागलं. काढा बाधला असेल म्हटलं. मग मळमळ, मग पाय शिशासारखे जड. लेक किरकिरत होती, ती हळूहळू गप्प झाली. झोपली एकदाची, म्हणून मला बरंच वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही भीती वाटते.

पुढचं मला कोरं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हा वायू आठवणीही खातो, परत आल्या तर तुकड्यातुकड्यानं येतात. उपचार काय, तर मोकळी हवा. माझी खाट व्हरांड्यात टाकली. सासूबाई हबकल्याच, बाळंतीण आणि वाऱ्यावर? त्यांनी माझ्या कानात कापूस कोंबला, डोक्याला फडकं आवळलं. डॉक्टर आले की सोडायचे, गेले की सासूबाई बांधायच्या. लेक मात्र माझ्या आधी सावरली आणि भोंगा वाजावा तशी रडू लागली.

तोवर तिकडे माझ्या चुलतदिराला, नामाभावजींना, पोलिसांनी गंगाखेडच्या ठाण्यात कोंडून घातलं होतं. त्यांचं माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छत, आमच्या माळवदाला लागून. पन्हाळीच्या पाण्यावरून दोन घरांत बोलणं बंद. सासऱ्यांनी चारचौघांत दम भरला होता, की याचा पाय पुन्हा आमच्या घरात पडला तर नकबजनीचा खटला घालीन. नकबजनी म्हणजे भिंत नाहीतर छत फोडून घरात शिरणं. त्याला कैद ठरलेली. आणि आता छताला भगदाड, खाली नामाभावजींची कुदळ, वर सुनेच्या तोंडचं ‘चोर, चोर’. सासऱ्यांना आणखी काय पाहिजे होतं?

ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, माझी जबानी घ्यायला यायचे होते. सासरे मला दोनदा सांगून गेले, जे ओरडलीस तेवढंच सांग, जास्तीचं डोकं चालवू नको. खरं सांगायचं तर चालवायला डोकं जागेवर नव्हतंच. माझ्या एका शब्दावर एक माणूस आत जाणार, आणि तो शब्द मी का बोलले तेच मला आठवेना.

मग व्हरांड्यात पडल्या पडल्या पत्र्याच्या फटीतून आभाळाची चिंधी दिसली आणि ते आठवलं. अंधाऱ्या खोलीत वरून माती कोसळली. छताला एक निळा तुकडा उगवला. त्यातून उजेडाचा खांब उतरला, खांबात धूळ सोन्यासारखी फिरत होती, आणि त्या उजेडातून एक माणूस खाली आला. मला वाटलं, मी मेले आणि हा न्यायला आला. मग त्यानं माझ्या लेकीला उचललं, तेव्हा मी चावले.

अमीनसाहेब आले. पायथ्याशी सासरे उभे. साहेबांनी विचारलं, “आला तेव्हा हातात काय होतं?”

“कुदळ.”

“कोनाड्यात दागिने होते?”

“माझे तोडे होते. तिथंच राहिले.”

“मग काय घेऊन गेला?”

“माझी लेक. आन् तिला बाहेर ठिवून परत आला, मला न्यायला.” मग मला राहवेना. “चोरी करून चोर माघारी येतो का, साहेब?”

साहेब सासऱ्यांकडे वळून म्हणाले, “पाटील, छत फोडलं हे खरंच. पण कायद्याला नियत बघावी लागते. चोरीची नियत नसेल, तर ही नकबजनी नव्हे.” सासरे खाली टेकले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि ते चाचपत राहिले. संध्याकाळी स्वतः गंगाखेडला गेले आणि नामाभावजींना सोडवून घेऊन आले.

तेव्हापासून मला नवल वाटतं ते याचं. वायू दिसत नाही आणि माणसाची नियतही दिसत नाही. मी दोन्ही उलट ओळखले. जीव घेणाऱ्याला उशाशी घेतलं आणि जीव देणाऱ्याला चावले.

गावी आले तेव्हा भगदाड बुजवायची तयारी चालली होती. मी आडवी आले. तिथं झाकणाचा झरोका करून घेतला, तो पुढं कधी बुजला नाही. मग लेकीला घेऊन शेजारच्या उंबऱ्यात गेले. त्या दुपारी नामाभावजी त्यांच्या माळवदावर तूर वाळवत होते म्हणून त्यांना पोरीचं रडणं विझताना ऐकू आलं होतं. हाका मारल्या, दार ठोठावलं, आणि मग कुदळ उचलली. सासऱ्यांचा दम तेव्हा आठवला नाही का, असं मी विचारलं. आठवला होता, म्हणाले. मला माफी मागायची होती, पण नुसती पदर चावत उभी राहिले. नामाभावजींनी तळहातावरचे माझ्या दातांचे वण एकदा बघितले, पोरीच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले:

“वैनी, इथून पुढं दाराला अडणा घालू नगा. दर बाळंतपणाला माळवद फोडायला मी काय रिकामा हाय का?”