हत्तीखडक कोण्या काठचा?

आमच्या हत्तीखडकाबद्दल माझ्याएवढी माहिती दोन जिल्ह्यांत कोणापाशी नाई. तशी होती दोन-चार म्हाताऱ्यांपाशी, पण ते वारले. तेव्हापासून माझं खोटं पकडणारं कोणी उरलं नाई, म्हणून मी जाणकार! अन् घाटावरचे किस्से म्हणजे पुराचा गाळ. दरसाल एक थर चढते, उपसाचं कोणी नाव घेत नाई.

तर हत्तीखडक म्हणजे वैनगंगेच्या काठचा भला मोठा दगड. कोणी घडवला नाई, पाण्यानंच कोरला. पाठ, कान, अन् थेट धारेत सोडलेली सोंड. आमचा काठ गडचिरोली जिल्ह्यात, समोरचा चंद्रपूरमध्ये. पावसाळा सरला की दोन्ही काठचे ढीवर हत्तीपुढं जमतात, नारळ फुटते, मंगच जाळं पाण्यात पडते. ज्याच्या काठी हत्ती, नारळाचा मान त्याचा. म्हणजे आमच्या गावाचा, अन् गावात माझ्या घरचा. समोरचे लोक डोंग्यानं येत, हात जोडत, खोबरं खात अन् जात.

* * *

माझी सासुरवाडी समोरच्याच काठी. लग्नाच्या दिवशी कांताले डोंग्यात बसवलं, तं माझा साळा बंडू दोर सोडेच ना! रडून रडून नाक लाल.

मी म्हटलं, "सोड बे, रडू नको. नदीच्या त्या अंगाले गेली का आमची झाली. दिवाळीले धाडून देतो चार दिवस!"

सारी वरात हसली. बंडू हसला नाई.

* * *

पुढं दरसाल नारळाच्या दिवशी मी त्याले छेडाचो. "बंडू, तुमच्या काठी पाव्हण्याले दाखवाले काय आहे? वाळू! ते बी ट्रकवाले नेऊन राह्यले."

एकदा नागपूरहून दगडं पाहणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी हत्तीच्या पोटावर हात फिरवला, तं तळहातावर बारीक कण. म्हणाल्या, "बाबा, हा दगड मुळात वाळूचाच आहे. ऊन असं तापतं, मग महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो. आता हा जास्त लवकर झिजेल. मागची माती आणि झाडं जपा. दगडाला मात्र हात लावू नका."

बंडू खोबरं खात होता. म्हणे, "म्हंजे भाऊजी, तुमच्याकडं बी वाळूच!"

* * *

पुढच्या पुरात सोंड गेली. आता सोंडेविना हत्ती म्हणजे म्हैस! गावानं मिस्त्री श्रीहरीले बोलावलं. त्याचा हात घराच्या दारावर कमळ काढाचा. त्यानं सिमेंटची सोंड लावली अन् सवयीनं टोकाले कमळ बी काढलं. लोकं त्या कमळाले धरून फोटो काढाले लागले.

उन्हाळा तापला, सिमेंट तडकलं, अन् पडता पडता हत्तीचा अर्धा गाल घेऊन पडलं. मॅडम धावत आल्या. "हात कोणी लावला?" सारा घाट माझ्याकडं पाहाले लागला.

मी म्हटलं, "मॅडम, गणपतीले बी मुंडकं मागूनच बसवलं होतं."

"ते मिस्त्रीनं नव्हतं बसवलं!" मॅडम म्हणाल्या.

* * *

मंग पाटी लागली, 'निसर्गवारसा'. वारसा म्हटलं तं पाव्हणे आले, पाव्हणे आले तं गाड्या आल्या. गावात ठराव झाला, पार्किंग पाहिजे. हत्तीच्या मागं मातीचा उंचवटा होता, करंजाची झाडं होती. झाडं तोडली, जेसीबी लावला, सारं सपाट. मी सांगून ठेवलं होतं, पयली गाडी माझी लागन. माझ्याजवळ सायकल आहे.

भादव्यात पूर आला. पार्किंगमध्ये पयले नदी लागली. अजून काढली नाई!

* * *

पाणी उतरलं तं सारा गाव काठावर उभा. धार हत्तीच्या मागून, आमच्या पार्किंगमधून वाहून राह्यली होती. पुढची जुनी धार वाळूनं भरून गेली, अन् ते वाळू थेट बंडूच्या गावापासून हत्तीच्या पायापर्यंत. तिकडून शेरडं चालत येऊन हत्तीले अंग घासत होती.

शाळेचे गुरुजी किती सालापासून बदलीचे अर्ज करून राह्यले. ते म्हणाले, "एवढे अर्ज केले, मी काही गडचिरोलीतून सुटलो नाही. या दगडानं एक अर्ज न करता चंद्रपूर घेतलं!"

कांता म्हणे, "रानातल्या हत्तीनं धान खाल्लं तं पंचनामा होते. नदीनं गावचा हत्ती नेला तं कोणाले बोलवाचं?"



* * *

नारळाचा दिवस आला. या खेपेस डोंग्यात आम्ही. मी, कांता अन् पदराखाली झाकलेला नारळ. पलीकडं पाहतो तं सासुरवाडी अख्खी हजर. मधात बंडू. आंघोळ केलेला, नवी टोपी, हातात त्याचा नारळ!

मी डोंगा टेकाच्या आधीच उडी मारली अन् हत्तीच्या पुढच्या पायाले मिठी घातली. पाय केवढा बारीक झाला होता! पयले माझे हात पुरत नव्हते, आता पुरले. सारा शर्ट वाळूनं भरला.

"बंडू, हा आमचा आहे! माझ्या बापानं इथी नारळ फोडला, आज्यानं फोडला. नदी सरकली म्हणून का मान सरकते?"

बोलता बोलता माझं नाक कधी वाहाले लागलं, मले समजलं नाई. कांता डोंग्यातच बसून होती. सासुरवाडीतलं कोणी हसलं नाई.

बंडूनं आपला नारळ काखेत धरला. जवळ आला. माझी बोटं हळूहळू दगडापासून सोडवली.

"सोडा भाऊजी, रडू नका. नदीच्या या अंगाले आला का आमचा झाला. दिवाळीले धाडून देतो चार दिवस!"