काट्यावर थांबलेल्या गाड्या

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यातल्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होते. घर सांगलीत, म्हणून तिकडची कामं माझ्याकडं यायची. त्यातलं एक काम शिराळ्याकडच्या साखर कारखान्याचं.

कारखान्याच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती. एकाची वायर ऑफिसात जायची, दुसऱ्याची वजनकाट्याच्या केबिनीत. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन सर्व्हरकडं यायचं, सर्व्हर उलट उत्तर द्यायचा आणि मग केबिनीत पावती छापली जायची. मला तिसरं कार्ड बसवायचं होतं, साताऱ्याजवळच्या दुसऱ्या युनिटची लाइन जोडायला.

सकाळी कार्ड बसवलं, त्या युनिटमधून फोनवर सांगितलेले नेटवर्कचे नंबर भरले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि काटा बंद पडला.

मी सर्व्हरच्या मागं वाकून बघत होते. केबिनीतून विचारणा आली की काट्याच्या कार्डावरचा दिवा लुकलुकायचा. उत्तर द्यायची वेळ आली की लुकलुकायचा तो नव्या कार्डावरचा. उत्तर भलत्याच दारातून बाहेर पडत होतं. एवढं दिसत होतं, पण का, ते कळत नव्हतं. नव्या कार्डाची वायर उपसून काढली, तरी सर्व्हर आपला तिकडंच पाठवत राहिला. कार्डच काढून टाकावं, तर सेटिंग पूर्ववत करायला लागणारी सीडी साताऱ्यातल्या कपाटात. आमच्या कंपनीच्या साहेबांना विचारावं, तर ते औंधला यमाईच्या दर्शनाला गेलेले, आणि मोबाइल तेव्हा आमच्यात कुणाकडंच नव्हता. साताऱ्याच्या ऑफिसात फोन करून सहकाऱ्याला सीडी घेऊन निघायला सांगितलं. तो एसटीनं येणार म्हणजे दुपार कलणार.

तोवर मी, कुठलं उत्तर कुठल्या कार्डातून पाठवायचं ते सर्व्हरला सांगणाऱ्या रस्त्यांच्या तक्त्यात एकेक ओळ घालत आणि पुसत बसले. बाहेर बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. काट्याचे व्यवस्थापक दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन सांगून यायचे, आता होतंय, पाचच मिनिटं. हातानं पावत्या लिहायला ते तयार नव्हते. हातानं लिहिलेल्या वजनावरून मागं भांडणं झाली होती, त्यावर उपाय म्हणून तर कॉम्प्युटर आला होता.

मध्येच काटा चालू झाला. चार-दोन गाड्या पुढं सरकल्या. व्यवस्थापकांनी माझ्यासाठी चहा मागवला. चहा यायच्या आत लाइट गेली, परत आली, सर्व्हर नव्यानं सुरू झाला आणि पुन्हा तेच. मी इतक्या गोष्टी बदलल्या होत्या की मघाशी कशानं चाललं होतं ते मलाच सांगता येईना. आठवेल तशा ओळी पुन्हा टाइप केल्या.

तेवढ्यात एक वयस्क शेतकरी दारात आले. ताठ उभं राहण्यावरूनच फौजेतले वाटत होते.

"ताई, बैलं सकाळधरनं उनात उबी हायती. कवा सुरू व्हनार, तेवढं सांगा."

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं होतं, पण म्हाताऱ्यांचं लक्ष माझ्याकडं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मला जमत नाहीये."

"मग तसं भाईर येऊन सांगा. लोकं आशेवर हायती."

मी त्यांच्या मागून बाहेर गेले. रडू येऊ नये म्हणून मी जमिनीकडं बघून बोलले. काटा माझ्याच्यानं चालू होत नाही, साताऱ्याहून माणूस निघालाय, तो आल्याशिवाय काही होणार नाही. कुणीतरी शिवी देईल असं वाटलं होतं. पण पुढच्या गाडीवरून एक ऊसतोड करणारी बाई खाली उतरली आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. त्यानं बैल सोडले. मग मागच्यानं सोडले. बघता बघता सगळ्या रांगेनं जुवं खाली ठेवली आणि बैल पाण्याच्या टाकीकडं निघाले. पाच मिनिटांत होईल या आशेवर सकाळपासून कुणी बैल सोडलेच नव्हते.

मी केबिनीच्या सावलीत उभी होते. करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हातारे शेजारी येऊन टेकले.

ऊन उतरल्यावर सहकारी आला. आम्ही तिसरं कार्ड काढलं, सीडी घालून सगळं पहिल्यासारखं केलं आणि काटा चालू झाला. साताऱ्याची लाइन त्या हंगामात जोडलीच गेली नाही. युनिटचे आकडे रोज फोनवरच सांगितले जायचे.

बिघाडाचं कारण मला पुढं काही महिन्यांनी कळलं. साताऱ्याकडचे नंबर आणि काट्याचे नंबर एकाच मालिकेतले होते. सर्व्हरला एकाच गावाला जाणारे दोन रस्ते दिसत होते आणि तो नवा धरत होता. एका बाजूची मालिका बदलली असती, तर झालं असतं. पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणीतरी ती बदलली.

त्या संध्याकाळी मी सांगलीच्या एसटीत खिडकीशी बसले. सहकाऱ्याची साताऱ्याची गाडी यायची होती, तो खिडकीखाली उभा राहून काहीबाही समजावत होता, मी नुसती मान हलवत होते. फाटकाशी माणसं बैलांना पुन्हा गाड्यांना जुंपत होती.