मधले फोटो

“चुकलं माझं, अक्का.” आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूचं बोलणं इथूनच सुरू व्हायचं. जिन्यात चप्पल वाजली तरी चुकलं, नळ गेला तरी चुकलं. मी म्हणायची, “अरे, पाणी सगळ्या गल्लीचं गेलंय, तू कशाला कबूल करतोस?”

मूळचा नरडाण्याकडचा. इथं पिंप्राळ्यात आमच्याकडे राहून मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दारात उभं राहून आधी माफी मागतात, मग काम सांगतात.

एकदा लॅपटॉप घेऊन खाली आला. त्याची आई नुकतीच गेली होती. तिचं चालतं-बोलतं असं त्याच्याकडे काहीच नव्हतं. होते ते एकाच दिवसाचे फोटो, ती चुलीपुढे मातीच्या उपड्या खापरावर पुरणाचे मांडे करतानाचे. याचं बोट फोनच्या बटणावर दाबलेलं राहिलं, फोटो पटापट निघत गेले. तेच एकामागे एक लावून प्रोग्राममधून त्यानं व्हिडिओ केला होता.

मी चष्मा लावला. “अरे, ही चूल आहे की गॅस? जाळ निळा कसा?”

कुंकूही निळं, आईही निळी. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, कॉम्प्युटरला फोटो म्हणजे नुसते आकडे, तांबड्याचे, हिरव्याचे, निळ्याचे. कुठे तांबडा आधी येतो, कुठे निळा. “उलटवायचं राहिलं. चुकलं माझं.” हसलो दोघंही. त्यानं एक ओळ बदलली आणि जाळ तांबडा झाला.

पण आई फार भराभर. मांडा या हातावरून त्या हातावर, जसं कोणी मागे लागलंय. “एवढी घाई मांड्याला चालत नाही रे, फाटेल की.” त्यानं वेग कमी केला, तर ती अडखळायला लागली. मग म्हणे दोन फोटोंच्या मधले फोटो हिशेबानं बनवता येतात. ते घालून चार दिवसांनी दाखवायला आला. काय सांगू तुम्हाला, मांडा असा अलगद मोठा होत होता! मी म्हटलं, “झालं की छान!”

तो बघतच नव्हता. “पण मधली आई मी बनवली, अक्का.”

“त्यात काय? दिसते तर तीच.”

“ते मांडे माझ्यासाठीच होते. मी फोटो काढले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. घासभरही खाल्लं नाही. तिनं केलेलं तेवढंच माझ्याजवळ राहिलंय. त्यातही माझंच घालू?”

आई असं मनात धरत नाही, हे ओठावर आलं होतं. पण तिच्या वतीनं सांगणारी मी कोण? उठून चहा ठेवला.

मधले सगळे फोटो त्यानं काढून टाकले. नोकरी लागून पुण्याला निघाला, तेव्हा व्हिडिओ माझ्या फोनवर टाकला. “तुमच्याकडे असू द्या. माझ्याच्यानं बघवत नाही.”

दुपारी कधीतरी मी लावते. ती अडखळत अडखळत मांडा वाढवते, मग मान वर करून बघते, तोंड अर्धवट उघडं. तिथं तो एकच फोटो त्यानं पुन्हा पुन्हा जोडलाय. काय म्हणत होती, ते मी त्याला विचारलं होतं. “‘फोन ठेव, पयले जेवी ले.’”

ती तशीच थांबून राहते. हातावर मांडा लोंबतोय, खाली खापर तापलेलं. मग पडदा काळा होतो.