डोंगराकडं सरका

"डोंगराकडं सरका, डोंगराकडं!"

उतार आला की आमच्या जीपचे ड्रायव्हरकाका मागे वळून एवढंच म्हणायचे आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर रेलायचो. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला जाणारा आमचा रस्ता तिथे टेकडीच्या कडेने जातो. खालची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी सरकते. दरीच्या बाजूला डांबराला हात जाईल एवढी भेग पडली होती.

मी गोरेगावला शाळेत शिकवते, म्हणजे काकांची रोजची प्रवासी. माणूस जीपमध्ये चढतानाच काका त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघत आणि जागा ठरवत. काटकुळे दरीकडे, भरलेले डोंगराकडे. माझ्या वजनाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही, पण मला कधी दरीकडची खिडकीही मिळाली नाही. समजायचं ते मी समजले.

गाडी जास्तच भरली तर अर्ध्यांना उतरून चालावं लागे. एकदा लग्नाचं वऱ्हाड होतं. नवरदेवाचे मामा पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेले, उतरेनात.

"मी काहून उतरू? मामा हाय मी!"

काकांनी हात जोडले. "मामा, रस्त्याला नातं कळत न्हाई. वजन कळतं."

मामा फेटा सावरत चालू लागले आणि अख्खं वऱ्हाड हसत त्यांच्या मागे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने रस्त्याला काय फरक पडणार? काहीच नाही. आमच्या मागेपुढे खडीने शिगोशीग भरलेले टिप्पर धावायचे. अर्ज-विनंत्या सगळ्या करून झाल्या होत्या. तरी काका टिप्पर दिसला की हात करून थांबवत.

"अर्धंच भरून आन ना बाबा. माझी घरची याच रस्त्यानं डायलिसिसला जाऊन राह्यली."

काकूंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा हिंगोली. दुसरा रस्ता लांबचा, खड्ड्यांचा. तो त्यांना सोसत नव्हता. काकांचा सगळा जीव त्या भेगेत अडकला होता.

टिप्परवालाही बिचारा वाईट नव्हता. "काका, भरून देनारा मालक हाय. मी कमी नेलं तर उद्या या गाडीवर दुसरा बसंल."

काका बाजूला होत. "बराबर हाय तुजं. जाय. पन डोंगराकडून जाय."

यंदाच्या पावसात रस्ता खचलाच. तेव्हा वर कुणी नव्हतं, एवढंच नशीब. वाहनं बंद झाली, पायी जाण्यापुरती वाट उरली. पलीकडून दुसरी जीप धरायची.

काका आम्हाला शेवटचे दिसले ते तिथेच. पुढे त्यांनी हिंगोलीतच खोली केली. काकू दिवाळीआधी गेल्या आणि काका काही परत आले नाहीत. त्या शेवटच्या दिवशी मात्र काकूंना पलीकडे न्यायचं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार प्रवाशांनी त्यांना उचललं. मी त्यांची पिशवी घेतली. वाटेच्या तोंडाशी एकाने सवयीने विचारलं, "काका, खुर्ची कोनत्या अंगानं घ्यायची?"

काका काकूंकडे बघत राहिले. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, जसं सगळ्यांना पाहायचे तसं.

"न्या कोनत्याबी अंगानं," ते म्हणाले. "तिचं आता वजनच काय राह्यलं."

 

आम्ही काकूंना डोंगराकडूनच नेलं.