उन्हात वाळवलेली पॉपकॉर्नची मका

आन वरून शेजारची मंगल मलाच म्हणती, "आक्का, तुमचं मशीनच खराब आसंल."

गटातल्या बायांनो, पॉपकॉर्नची मका गव्हासारखी दोन दिवस गच्चीवर वाळवा, किडा लागत न्हाई, हे तिनंच सांगितलं हुतं. मी वाळवली. आज दुपारी नातवंडं ताटल्या घेऊन मशीनपुढं बसली आन एक दाना फुटला न्हाई.

मशीन खरंच खराब हाय का बघायला वाटीभर मका मागायला तिच्याकडं गेले. तिची मका घट्ट झाकणाच्या बरणीत, सावलीला. म्हणली, "मी उन्हात घालतच न्हाई. आतली ओल गेली की फुटत न्हाई."

मंगल, पंधरा वर्षं तुला बहीण मानलं. मला सांगताना हे तुला ठावं हुतं का न्हाई, रविवारपर्यंत हितं सगळ्यांसमोर लिही. गुपचूप फोन करू नको.