एरंडोलच्या घरातली कडी

बायको म्हणते, हे कुणाला सांगत जाऊ नका. पण चहा घेतच आहात, तर ऐका माझी फजिती.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जळगावच्या घरात पाय लांब करून बसायचं, माणूस करणार काय? आमच्या सूनबाईंना, केतकीला, माझी दया आली. तिने तिचा गेमचा डबा टीव्हीला जोडला, रिमोट हातात दिला आणि एक रहस्याचा गेम लावून दिला. डोंगरावर बंगला, मालकाचा खून झालेला, आणि डिटेक्टिव्ह आपण! पडद्यावरचा बाण संशय येईल तिथे न्यायचा नि बटण दाबायचं. कपाटावर दाबलं की कपाट उघडतं, माणसावर दाबलं की माणूस बोलतो.

"बाबा, बंद दार दिसलं की उघडून बघायचंच," केतकीने शिकवलं.

काय सांगू, मी जेवणखाण विसरलो. एक खुनी सापडला की दुसरा गेम. शेवटी शेवटी तर मी दूधवाल्याकडेही संशयाने बघायला लागलो.

पाय बरा झाला आणि नेमकं एरंडोलला जायचं ठरलं. माझ्या पुतणीला, मानसीला, तिथल्या मुलाकडचे बघून गेले होते. आता आम्ही घर बघायला निघालो. आधी एक स्थळ ऐनवेळी फिसकटलेलं, त्यामुळे दादा धास्तावलेला. "तू फक्त बस आणि पोहे खा," त्याने मला गाडीतच बजावलं.

बसलो हो मी. पोहेही खाल्ले. पण घरात मागच्या बाजूला एक खोली, तिला बाहेरून कडी. मुलाच्या आईला सहज विचारलं, तर म्हणाल्या, अडगळ आहे. आणि थोड्या वेळाने त्याच पोह्यांची बशी घेऊन तिकडे गेल्या, परतल्या रिकाम्या हाताने. आता तुम्हीच सांगा, अडगळ पोहे खाते का?

हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि हळूच कडी काढली. आत खाटेवर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा, मांडीवर बशी.

मी कुजबुजलो, "घाबरू नका आबा. तुम्हाला कोणी कोंडलं?"

"कोनी नही रे भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "मीच सांगेल शे, कडी लावा म्हनीसन. पाव्हना उनात का माले बोल्याबिगर ऱ्हावत नही."

हे मुलाचे आजोबा. आधीची दोन स्थळं त्यांच्या खरं बोलण्याने परत गेलेली, म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच स्वतःला कोंडून घेतलेलं! मी घाईने कडी परत लावायला गेलो, तर आबा काठी घेऊन माझ्या बाजूने बाहेर.

बैठकीत मधोमध बसले आणि सुरू झाले. मुलगा बारावीला एकदा नापास झालाय, सकाळी हाका मारमारून उठतो, दारातली गाडी मामाची आहे, आजच्यापुरती आणलीय. मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. दादाने माझ्याकडे पाहिलं. पोरीचं लग्न मी स्वतःच्या हाताने मोडलं होतं.

तेवढ्यात आबा माझ्याकडे वळले. "तू कडी का बरं काढी, भाऊ?"

आता काय लपवणार? गुडघा, गेम, बाण, बंगला, सगळं सांगितलं. मला वाटलं इथे कुणाला तरी डांबून ठेवलंय, हेही सांगितलं. मग मुलाच्या वडिलांना हसू आवरेना, आणि बघता बघता सगळं घर हसायला लागलं. दादा सोडून.

आम्ही परतलो. संध्याकाळी त्यांचा होकार आला. मानसीनेही लगेच हो म्हटलं. मला राहवेना, मी तिला बाजूला घेऊन विचारलं, आबांनी एवढं सगळं सांगितल्यावरही तू हो कशी म्हणालीस?

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला बघूनही त्यांनी होकार दिला. इतकी समजूतदार माणसं मला पुन्हा कुठे मिळणार होती?"