सुगंधाबाईची पट्टी

वैनगंगा दर पावसाळ्यात कोटगावचा पात्रातला वाळूचा टापू गिळायची आणि कार्तिकात परत द्यायची. पण दिला तो टापू तोच कधी नसे. कधी लांबट, कधी पोटात फुगलेला, कधी उगवतीकडे सरकलेला. म्हणून कोटगावच्या मासेमार ढिवरांमध्ये वाळूचा मालक कोणी नव्हता. पाणी उतरलं की म्हातारा मुखरू दोरी घेऊन टापूवर जायचा, सगळी घरं त्याच्यामागे जायची, आणि ज्याची त्याची पट्टी आखली जायची. तिच्यात टरबुजांची डांगरवाडी लावायची, चैत्रात माल काढायचा, आणि आषाढात जमीन नदीला परत करायची.

सुगंधाबाईचा नवरा गेला त्या वर्षीची ही गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा चांदा होता. कार्तिकात दोरी पडली तेव्हा तिचा धाकटा दीर लटारू सर्वांसमोर बोलला.

"वयनीची पट्टी मले द्या. तिले मी बसल्या जागी खाऊ घालतो."

लटारू वाईट माणूस नव्हता. जे बोलला ते त्यानं केलंही असतं. पण बसल्या जागी खाणं म्हणजे काय, हे सुगंधाबाईनं आपल्या आत्याच्या घरी पाहिलं होतं. आत्या ताटावर बसली की सुनांच्या भांड्यांचा आवाज वाढायचा.

"माहे हात काई नवऱ्यासंगं जळले नाई," ती म्हणाली. "वाडी मीच करतो."

मुखरूनं बराच वेळ दोरी हातात फिरवली. मग म्हणाला, "बाई, लावनं सोपं हाये. राखनं कठीण. एक साल करून पाह्य. वाडी राखली तर पट्टी तुही. नाई राखली तर लटारूची."

सगळ्यांनी मान डोलावली. आणि पट्टी कुठं पडली? टापूच्या दक्षिण टोकाला, पेस्तनसाहेबाच्या झेंड्याशेजारी.

पेस्तनसाहेब लाकूड कंपनीचे मॅनेजर. पारशी, एकटे, पोट मोठं आणि पाय बारीक. दोन वर्षांपूर्वी डोंग्यातून नदी ओलांडताना त्यांनी हा टापू पाहिला. मधे आखूड हिरवं गवत, कडेनं पांढरी वाळू, पलीकडच्या काठावर फुललेले पळस आणि त्यांच्यामागे सागाचं रान. साहेब डोंग्यात उभेच राहिले, आणि डोंगा उलटता उलटता राहिला. तेव्हापासून हिवाळा सुरू झाला की टापूवर नऊ खड्डे खोदले जात, नऊ लाल झेंडे रोवले जात. थंडी सरून वाळू तापू लागली की नागपूरहून साहेब लोक येत, तंबूत राहत, नदीत डुंबत, आणि लांब काठीनं पांढरा चेंडू मारत त्याच्यामागे चालत. त्या खेळाला गोल्फ म्हणतात हे कोटगावला ठाऊक होतं. मोठ्या माणसांना एवढ्याशा चेंडूसाठी एवढं चालावं लागतं, याचं बायांना वाईटही वाटायचं.

सुगंधाबाईनं वाडी लावली. ओल लागेपर्यंत वाळूत खड्डे खणले, शेणखत भरलं, बी टोचलं. वेल पसरले तसं त्यांच्याखाली वाळलं गवत अंथरलं, नाहीतर तापलेली वाळू फळाचं बूड भाजते. टोकाला खोप घातली आणि तिथंच राहायला गेली. कोल्हे आले, त्यांना डबा बडवून पळवलं. रानडुकरं आली, त्यांच्यासाठी धुनी पेटवली. जनावरांचं तिला सोपं गेलं. अवघड होते ते साहेब.

पहिलाच चेंडू वाडीत आला त्या दिवशी वेलांना लिंबाएवढी फळं धरली होती. पेस्तनसाहेब बांधावरून वाकले आणि बोट लांब करून ओरडले, "वो रहा! वो फल के पास!"

सुगंधाबाईनं हातातलं मडकं टाकलं. धावत येऊन तिनं साहेबाचं मनगट धरलं. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते सडतं. कोटगावात चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवावं, नाहीतर हनुवटीनं.

"चावा," ती म्हणाली.

"क्या?"

"बोट. ज्यानं दाखोलं ते चावा. दाही चावा, तवाच फळ वाचते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी दाही बोटं एकेक करून चावली, अंगठ्यासकट. त्या दिवसापासून वाडीच्या कडेशी येताना ते हात पाठीमागे बांधून येत. चेंडू हरवला की विचारत, "सुगंधाबाई, किधर गया?" ती हनुवटी उडवायची, आणि साहेब तिकडे बघायचे.

लटारू मात्र गावभर सांगत फिरला. "कोल्हे गेले, साहेब घुसले. बाईच्या वाडीत कोनीही येते."

ते तिच्या कानावर आलं, आणि त्यात थोडं खरं होतं म्हणून जास्त लागलं.

फाल्गुनात नागपूरहून एक फार मोठे साहेब आले. उंच, कोरडे, मिशा कातरलेल्या. त्यांची आणि पेस्तनसाहेबांची शर्यत लागली. सगळं कोटगाव वाळूत बसून बघत होतं. मुखरू होता, लटारू होता. आठ झेंडे होईपर्यंत दोघंही बरोबरीत होते. नवव्याला पाहुण्यांनी जोरात काठी फिरवली. चेंडू झेंड्यावरून गेला आणि सुगंधाबाईच्या पट्टीत, सगळ्यात मोठ्या फळाच्या अंगाला जाऊन टेकला.

पाहुणे बुटांसकट वाडीत शिरले. दोन वेल चेंगरले. मग वळून त्यांनी लांब, सरळ बोट त्या फळावर रोखलं.

"हा बघा! टरबुजाला चिकटलाय!"

सुगंधाबाई खोपीच्या दाराशी उभी होती. गप्प राहिली तर वाडी राखली नाही असं होणार. बोलली तर हा मोठा साहेब. पेस्तनसाहेब रागावले, टापू सोडून गेले, तर त्यांची ने-आण करणाऱ्या डोंगेवाल्यांची कमाई जाईल आणि सगळं गाव तिलाच बोलेल. लटारू गुडघ्यावर हनुवटी टेकवून तिच्याकडेच पाहत होता.

ती चालत गेली. धावली नाही.

"साहेब, पाय हालवू नका. जोडा काढा."

"काय?"

"जोडा काढा. मंग बोटं चावा."

पाहुण्यांनी मान वळवून पेस्तनसाहेबांकडे पाहिलं. पेस्तनसाहेबांनी बांधावर आपले बूट केव्हाच काढले होते आणि हात पाठीमागे बांधले होते. "चबाना पडेगा, साहब," ते हळूच म्हणाले. "मैंने भी चबाया है."

"आणि नाही चावली तर?"

"तर मंग इथीच उभे राहा, हे फळ पिकेपर्यंत," सुगंधाबाई म्हणाली. "भाकर मी आनून देईन."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. पाहुण्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी वाकून बूट काढले, आणि बोट तोंडाकडे नेलं.

"एक नाई. दाही."

"दाखवलं तर एकानंच ना, बाई?"

"बाकीचे नऊ तिथीच होते, पाहून राह्यले होते. त्याईनं काऊन नाई अडवलं?"

पाहुणे मोठ्यानं हसले, आणि दाही बोटं चावली. मग काठी उचलली. सुगंधाबाई चेंडूसमोर येऊन उभी राहिली.

"आता काय?"

"ही काठी फिरली का वेल गेला."

"नियमच आहे तसा. पडला तिथूनच मारायचा."

"नियम तुमचा. वेल माहा."

ऊन पाठीवर होतं, अनवाणी पायांना वाळू भाजत होती. पाहुण्यांनी काठी काखेत घेतली. सुगंधाबाईनं चेंडू उचलला, पदरानं पुसला, त्यांच्या हातावर ठेवला, आणि वेलांतून पाय कुठं टाकायचा ते दाखवत त्यांना बांधापर्यंत आणून सोडलं.

"पेस्तनजी, तुम्ही जिंकलात," पाहुणे म्हणाले. "पण या पट्टीपासून जपून खेळा."

त्या साली वाडीतली काही फळं सडली, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाहुण्यांनी बोट दाखवलेलं मात्र टणक पिकलं. गावानं त्याचं श्रेय दाही बोटांना दिलं. सुगंधाबाई नुसती हसली. तिला चैत्राची काळजी नव्हती. तिला कार्तिकाची होती.

कार्तिक आला. टापू यंदा मधेच कंबर काढून बसला होता. मुखरूनं दोरी सोडली. घरं मागं उभी राहिली, आणि शेवटी पेस्तनसाहेबही, खेळापुरती जागा मागायला, नारळ घेऊन.

"सुगंधाबाईची पट्टी," मुखरू म्हणाला. "लटारू, तू बोल. मागनं तुहं होतं."

लटारूनं आधी वयनीकडे पाहिलं, मग साहेबाकडे, मग आपल्या दोन्ही हातांकडे.

"तिलेच द्या," तो म्हणाला. "कोल्हे मी राखीन. पन साहेब लोक माह्यानं नाई राखनं होत."

सगळी वाळू हसली. पेस्तनसाहेब सगळ्यांत उशिरा हसले, कारण त्यांना कोणीतरी हिंदीत समजावून सांगावं लागलं.

सुगंधाबाई हसली नाही. तिनं दोरीचं एक टोक मुखरूच्या हातातून घेतलं, दुसरं लटारूच्या हातात दिलं, आणि म्हणाली, "धर घट्ट. वाकडी नको जाऊ देऊ." मग ती पाठ फिरवून ओल्या वाळूतून चालू लागली, पट्टी जिथं संपायची होती तिथपर्यंत.